पाणवठ्यावरची वच्छला

जानेफळ
४ डिसेंबर

सौ. अंबू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील. पडू दे. फोनवर मी ओरडतो असं तुझं म्हणणं, म्हणून लिहून कळवतो. कागदावर ओरडता येत नाही. माझी चौथी झालेली, तुझी सातवी. चुका दिसतील त्या दिसतील, गोपालला दाखवून हसू नकोस.

इकडे सर्व ठीक आहे. ठीक म्हणजे डाव्या बरगडीखाली दुखतं, पण ते तू असतानाही दुखायचं. वांग्यांवर अळी पडली आहे. मेथी बरी आली. गणपतीत तू गोपालसोबत पंधरा दिवसांसाठी म्हणून पुण्याला गेलीस, आता चौथा महिना चालू आहे. बाजारात लोक विचारतात. मी सांगतो, नातीची, भार्गवीची परीक्षा आहे. एका पोरीच्या किती परीक्षा सांगू?

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. रविवारी गोपालचा फोन आला तेव्हा मागून तुझं हसणं ऐकू आलं. मी विचारलं, आई काऊन हासते? तो म्हणाला, "गेम खेळून राह्यली, बाबा. भार्गवीनं आईच्या फोनमंदी टाकून देल्ला. फोनमंदी वावर असते, शेजारी येऊन पाणी देतेत. वैजनाथ काकानं आईच्या वांग्याले पाणी देल्लं, म्हणून हासते."

कोण वैजनाथ? गोपाल म्हणतो, पिंपळगाव राजाकडचा कोणी आहे, आपल्यापैकी कोणी त्याला बघितलेला नाही. म्हणजे बघितलेला नाही आणि पाणी देतो.

मला काही वाटत नाही. फक्त विचारतो. त्याचं वय काय? घरी बायको आहे का? दिवसातून किती वेळा पाणी देतो? वांग्याला इतकं पाणी लागत नसतं, हे तुला माहीत आहे. आणि इथे खऱ्या वावरात खरी वांगी आहेत, त्यांना चार महिन्यांत तुझा हात लागलेला नाही.

भजनाच्या दिवसाचं तू मनात धरलंस. पेटी वाजवणारे गुरुजी असं काय बोलले की तू पदर तोंडाला लावून हसलीस, हे मी विचारू शकत होतो. विचारलं नाही. फक्त "चाल घरी" म्हटलं. चारचौघींत म्हणायला नको होतं, हे कबूल. पण तूही चारचौघींतच हसलीस.

संक्रांतीच्या आत ये.

महादेव


जानेफळ
१९ डिसेंबर
(हे टाकणार नाही)

अंबू,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो.

तुझ्यासारखा फोन मी घेतला. हवामान बघायला घेतला असं गावात सांगितलं. सेतू केंद्रात श्रद्धा बसते, पाटील मास्तरांची सून, तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, पोरी, तो शिवाराचा खेळ टाकून दे. तिनं टाकला. मग विचारलं, "आबा, बाहुलं कोनतं घेऊ, बाप्या का बाई?"

मी विचारलं, फरक काय?

ती म्हणाली, "वावर सारखंच असते. पन बायाइचा पाणवठा येगळा असते. तिथं बायाच गोष्टी करतेत, बाप्याले जाता येत नाही."

मी म्हटलं, बाई घे.

"काऊन आबा? हा मिशीवाला पाहा ना, कसा मस्त दिसते."

"बाईच घे."

"तुमी लय चालू हाय, आबा," म्हणाली आणि हसत बसली. नाव विचारलं तर मला सुचेना. तिच्या टेबलावर कोणाचा तरी रेशनचा अर्ज पडला होता, त्यावर वच्छलाबाई असं होतं. तेच सांगितलं. गाव मेहकर सांगितलं. जानेफळ सांगितलं असतं तर तू ओळखलं असतंस.

वाटलं होतं पाणवठ्यावर बसून फक्त बघायचं. तो वैजनाथ तिथे येऊ शकत नाही, याचंच पहिल्या दिवशी समाधान होतं. पण तू तिथे होतीस. बारीकशी बाहुली, निळं पातळ, डोक्यावर घागर, वर तुझं नाव. आणि तूच पहिली बोललीस.

"नवीन हायेस का व? जेवली का?"

सेहेचाळीस वर्षांत तू मला हजार वेळा जेवायला वाढलंस, पण असं विचारल्याचं आठवत नाही. मला तुला ते विचारल्याचंही आठवत नाही. मी बोटानं एकेक अक्षर दाबत लिहिलं, नाही जेवली. भाकर टाकायचा कंटाळा आला.

तू लिहिलंस, "एकटी असली का असंच होते. चटणीसंगं खाय, पन खाय."

मी उठलो आणि खाल्लं.


जानेफळ
३० डिसेंबर

सौ. अंबू,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी आहेत. "मी बरी आहे. औषध घेत जा." पोस्टानं एवढ्या लांबून आणलेल्या कार्डावर आणखी चार ओळी मावल्या असत्या.

मी औषध घेतो. जेवणही वेळेवर करतो. चटणीसोबत का होईना.

एक गोष्ट सांगतो, कशी कळली ते विचारू नकोस. तो वैजनाथ चांगला माणूस नाही. तुला एकटीलाच फुलं पाठवतो असं समजू नकोस. इतर बायांनाही पाठवतो. मला एका खात्रीच्या ठिकाणाहून कळलं आहे. नव्या आलेल्या एका बाईला त्यानं दोन दिवसांत सात गुलाब पाठवले आणि विचारलं, घरी कोण कोण असतं.

त्याचं पाणी घेऊ नकोस.

वांग्यांवर औषध मारलं. संक्रांतीला येणार का ते कळव. गोपालकडून नको, तू कळव.

महादेव


जानेफळ
९ जानेवारी
(हेही टाकणार नाही)

अंबू,

आजचा दिवस मला फार वाईट गेला, आणि का ते तुला सांगता येत नाही, कारण ते तूच सांगितलंस. मला नाही, वच्छलाला.

दुपारी तू पाणवठ्यावर होतीस. सूनबाई प्रतीक्षा कामावर, भार्गवी शाळेत, घरात तू एकटी. बोलता बोलता मी विचारलं, तुहा घरधनी कसा हाय व? मला वाटलं, तापट आहे म्हणशील. तेवढं ऐकायची तयारी होती.

तू लिहिलंस, "वाईट नाही. दारू नाही, मारपीट नाही. पन मी चक्कीवरून आली का माह्या चपलेले हात लावून पाहे. तापली हाय का ते. चपल तापली म्हंजे मी उन्हात कोनासंगं तरी गोष्टी करत उभी होती. त्याले वाटे मले समजत नाही."

माझं बोट काचेवरच राहिलं. मी तसं करायचो. तू आत दळण ठेवायला गेलीस की वाकून हात लावायचो. कोणाला दिसलं नाही असं मला आजपर्यंत वाटत होतं.

वच्छलानं विचारलं, मंग तू काय करे?

"मंग मी दारात रांजणातलं पाणी चपलेवर टाकूनच घरात जाओ. तीस वर्सं. आधी आधी मले हासू ये. मंग नाही आलं."

मला वाटायचं तू पाय धुतेस. स्वच्छ बाई आहे, असं मी लोकांना सांगायचो.

खरं लिहितो असं ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो. मला लाज वाटली, पण ती अर्धीच. उरलेली अर्धी जागा दुसऱ्याच गोष्टीनं घेतली. हे तू मला न सांगता तिला काऊन सांगितलंस? तिची तुझी ओळख तीन आठवड्यांची. ती कोण? मेहकरची म्हणते, खरी का खोटी ठाऊक नाही. तिला तू "वच्छे" म्हणतेस. तिनं दोन दिवस तोंड दाखवलं नाही तर विचारतेस, बरं वाटत नाही का माय? ती माझ्याच बोटांनी बोलते हे मला कळतं. तरी फोन खाली ठेवला की मला तिचा राग येतो. जेवताना येतो. वावरात पाणी देतानाही येतो. वैजनाथचा राग सोपा होता. तो दिसला की शिवी घालता यायची. हिला काय घालू?

आणि तो वैजनाथ. आता तो वच्छलाच्या मागे लागला आहे. काल विचारलं, "सकाळी कुठं होत्या? कोणाच्या वावरात गेल्या होत्या? तुमची बाहुली तासभर दिसली नाही." मला कोणी बैलासारखं खांबाला बांधल्यासारखं झालं. मी कुठे होतो याच्याशी तुला काय करायचं रे, असं लिहिलं. मग फोन पालथा ठेवला, कारण हा प्रश्न कसा विचारतात ते मला चांगलं ठाऊक आहे.


जानेफळ
१८ जानेवारी

सौ. अंबू,

संक्रांत गेली. तू आली नाहीस. तिळगूळ शेजारून आला, तो मी खाल्ला नाही, मुंग्यांनी खाल्ला.

मी स्पष्ट लिहितो. घरदार सोडून तू तिकडे बसलीस, आणि फोनमधल्या कुठल्या तरी बाईला संक्रांतीचं वाण म्हणून जांभळं पातळ देतेस, आणि वर लिहितेस, "तूच माही खरी बहीन." तुझ्या उंद्रीच्या सख्ख्या भावजयीला कधी असं लिहिलंस? मला कधी एक धोतर स्वतःहून निवडून आणलंस? ती वच्छला कोण, कुठली, तिचं खायचं काय, प्यायचं काय, काही ठाऊक नसताना तू घरातल्या गोष्टी तिच्यापुढे मांडतेस. नवरा चपलेला हात लावायचा हेसुद्धा. अशा बाया ऐकून घेतात आणि मग गावभर करतात.

तिच्याशी बोलणं बंद कर. माझं ऐक.

महादेव

ता. क. बरगडीखालचं दुखणं वाढलं आहे. सांगायचं म्हणून सांगितलं.


जानेफळ
३० जानेवारी
(हे टाकणार नाही. टाकायलाच पाहिजे होतं.)

अंबू,

मी काय करून बसलो ते लिहितो.

ते अठरा तारखेचं पत्र रागात टाकलं. टाकलं आणि घरी येऊन पाणी प्यालो, तेव्हा लक्षात आलं. पातळ दिल्याचं फक्त तुला आणि वच्छलाला माहीत. चपलेचं तर फक्त तिलाच. मी पोस्टात परत गेलो. पोस्टमन म्हणाला, "आबा, थैली गेली." चार दिवस मी जेवण गोड लागत नाही असं लोकांना सांगत फिरलो.

तुला वाटलं वच्छलानं सांगितलं असेल? नाही. तिच्यावर तुझा एवढा विश्वास, की तिचा संशयच आला नाही. तुला वाटलं प्रतीक्षानं सांगितलं.

तूच पाणवठ्यावर लिहिलंस. "सून माहा फोन उघडून पाहते व. आणि बुढ्याले चुगल्या लावते. मी इतली भोळी राह्यली." मी लिहिलं, नसंल व, सून चांगली असंल. तू लिहिलंस, "तू साधी हायेस, तुले नाही समजत." मग कळलं की तू तिच्या हातचा चहा बंद केलास, आपली भाजी वेगळी करतेस, फोन ब्लाउजमध्ये ठेवून झोपतेस. गोपालचा फोन आला. म्हणाला, "बाबा, आई आनि प्रतीक्षा बोलत नाहीत. काय झालं तुमाले काही ठाव हाय का?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी इकडे. आयुष्यात पहिल्यांदा मी फोनवर हळू बोललो.

प्रतीक्षा मला दर महिन्याला औषधाच्या गोळ्यांचं पाकीट पाठवते. पाकिटावर सकाळ, दुपार लिहून पाठवते.

आज दुपारी तू लिहिलंस, "वच्छे, मी इथं नाही राहत आता. आनि बुढ्याकडंही नाही जात. तुह्याकडं येतो चार दिवस. मेहकरले. येऊ का?"

सांगायची हीच वेळ होती. मी महादेव आहे, असं लिहिलं असतं की संपलं. प्रतीक्षाचं नाव साफ झालं असतं. मी ते अर्धं लिहिलंही. पण मग तू पुन्हा कधी विचारलं नसतंस, जेवली का. ना तिला, ना मला. आणि दुसरं, तू निघाली असतीस तर जिल्ह्यात तरी आली असतीस. आणि तिसरं, जे लिहायला हात धजत नाही. तू कुणासाठी तरी एवढ्या लांबून निघतेस, ते मला बघायचं होतं.

मी लिहिलं, ये.


मेहकर, एस. टी. स्टँड
६ फेब्रुवारी, दुपार

अंबू,

हे पत्र हातात देणार आहे. सोबत न टाकलेली तीनही आहेत. आधी ती वाच, म्हणजे वच्छला कोण ते मला तोंडानं सांगावं लागणार नाही. तोंडानं सांगायला गेलो की आवाज चढतो, आणि चढला की तू मान दुसरीकडे करतेस.

तुला तिची वाट बघायला लावली, ही माझी फसवणूक आहे. तिचं घर इथे नाही. कुठेच नाही. प्रतीक्षानं तुझा फोन कधी उघडला नाही. मला जे कळलं ते तूच मला सांगितलंस.

काल मी प्रतीक्षाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, पंधरा दिवस झाले, आईनं माह्या हातचा चहा नाही घेतला. मी सैपाकघरात उभी राहून रडली. तुमी तिकडं बाई होऊन बसले होते." मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "मी सांगू आईले का तुमी सांगता?" मी म्हटलं, मी सांगतो. मग तिनं नाक ओढलं आणि विचारलं, "आनि पातळ तरी शोभते का तुमाले?" मला हसू आलं, तिलाही आलं. अंबू, ही पोर आपल्या घरात आहे आणि तू तिला चुगलखोर म्हणालीस. ते माझ्यामुळे.

गोपाल म्हणाला, आई निघेपर्यंत विचारेल तर मी खोटं सांगणार नाही, पण स्वतःहून सांगणार नाही. तू विचारलं नसणार.

आता तुला काय करता येईल ते लिहितो. पुण्याची परतीची गाडी साडेपाचला याच फलाटावरून आहे, मी चौकशी केली. उंद्रीला तुझ्या भावालाही फोन केला आहे, तो घ्यायला यायला तयार आहे, फक्त कळवायचं. तिसरं जानेफळ. ते मी शेवटी लिहिलं आहे, कारण ते मागायचा हक्क मला कुठे राहिला ते मला नीट समजत नाही.

माफ कर असं लिहिणार होतो. पण खरं ते आधी लिहितो. मला अजूनही तिचा हेवा वाटतो. सकाळी तू तिला लिहिलंस, "निघाली व. खिडकीची जागा भेटली. तुह्यासाठी प्रतीक्षाच्या बरणीतलं लोणचं चोरून आणलं." आणि नाशिक फाट्यावरून लिहिलंस, "आता चैन पडून नाही राह्यलं." आणि चिखलीवरून लिहिलंस, "मी कशी दिसतो ते पाहून हासजो नको." मी बाकावर बसून ते पुन्हा पुन्हा वाचत होतो. सेहेचाळीस वर्षांपूर्वी तुला बघायला आलो तेव्हा तू खाली बघत होतीस. कशी दिसतेस याची काळजी तुला माझ्यासाठी कधी पडली होती की नाही, हे मी विचारलं नाही, आणि आता विचारायची वेळ गेली.

वैजनाथनं पाणी दिलं, गुरुजींनी पेटी वाजवली, चक्कीवर कोणी उभं राहिलं, या सगळ्यांवर मी जळलो. त्यांतल्या कोणीही माझं काही नेलं नव्हतं. वच्छलानं नेलं. आणि तिनं काय केलं? जेवलीस का विचारलं तर उत्तर दिलं, आणि तू बोलत असताना मध्ये बोलली नाही. एवढंच. हे मला जमण्यासारखं नव्हतं असं नाही. मी लुगडं नेसल्याशिवाय ते केलं नाही, एवढीच गोष्ट.

तू शेवटी लिहिलंस, "गर्दी असली तं मले तुहं तोंड नाही सापडाचं. फोनमंदल्या बाहुलीवरून काय ओळखू येते? गाडी लागली का हात वर करजो."

गाडी वळली. पुणे अशी पाटी आहे.

तू खिडकीत आहेस. दाराकडे लोक लोटत आहेत, पण तू अजून उठली नाहीस, तू फलाटावरच्या बाया बघते आहेस. एकीकडे बघून हसलीस, ती दुसरीच निघाली. असं हसताना मी तुला बघितलेलं नाही. तुझी नजर माझ्यावरून दोनदा गेली आणि थांबली नाही.

हात वर करायचा आहे. लिहितो तोच हात आहे, म्हणून इथे थांबतो.